रोह्याला गाडी कुठे वळली

गौरी-गणपती गेले आणि पेणमधले कारखाने रिकामे झाले की माझं डोकं दुखायला लागतं. इतरांना या दिवसांत हुरहूर लागते म्हणे. मखर माळ्यावर गेलं, घर ओकंओकं वाटतं, असं काय काय लोक सांगतात. मला हुरहूर लागत नाही, मला वैताग येतो. आश्विनातलं ऊन पत्र्यावर चढतं, निसवलेल्या भाताचा कोंदट गोडसर वास गावात शिरतो, आणि कुठल्या तरी उघड्या दारातून प्लास्टरची पांढरी धूळ दिसली की माझ्या कानात एका छोट्या मोटरीची किरकिर सुरू होते. कुणी झोपेत दात खात असावं तशी. आणि तिच्यामागोमाग मधूचा आवाज, "भाऊजी, परत डावीकडेच."

मधू म्हणजे माझा मेहुणा, माझ्या बायकोचा, शालूचा, थोरला भाऊ. रामवाडीच्या अलीकडे त्याचा गणपतीचा कारखाना. कारखाना म्हणजे एक लांबलचक पत्र्याची शेड, रस्त्याच्या बाजूला मोठं दार, आणि दारातून आत शिरलं की डाव्या हाताला, पार कोपऱ्यात, मोरी. ही मोरी लक्षात ठेवा. मी ठेवली नाही, त्याचीच ही सगळी कटकट.

हल्ली मोठे कारखाने रिकामे होतच नाहीत. परदेशात जाणाऱ्या मूर्तींचं काम बारा महिने चालू असतं. नव्वदीच्या दशकात मात्र तसं नव्हतं. चतुर्थीच्या आदल्या दिवसापर्यंत पाय ठेवायला जागा नसायची, आणि नंतर काही आठवडे शेड अशी मोकळी पडायची की खोकलं तरी पत्रा उत्तर द्यायचा. फळ्यांवर धूळ, रंगाच्या वाळक्या वाट्या, काथ्याचे तुकडे, आणि कोपऱ्यात न खपलेले शाडूचे उंदीर ओळीत बसलेले, हातात मोदक धरून, कुणाची तरी वाट बघत. त्या मोकळ्या जमिनीवर, त्या एका वर्षी, मी आणि मधूनं एक खेळण्यातली गाडी सरळ चालवायचा प्रयत्न केला. दोन संसारी, पोक्त माणसं. अजून आठवलं की मला स्वतःचाच राग येतो.

मी तेव्हा रोह्याला एका केमिकल कंपनीत स्टोअरमध्ये होतो. पेणहून सकाळी निघायचं, कुंडलिका नदीवरचा तो उग्र वास नाकात भरून संध्याकाळी परत यायचं. कंपनीची कॉलनी होती, कॉलनीत साहेब लोक होते, आणि त्या दोन-तीन वर्षांत साहेबांच्या घरांत रिमोटच्या गाड्या आल्या होत्या. कुणाचा भाऊ सिंगापूरला, कुणाचा मेहुणा दुबईला. संध्याकाळी कॉलनीतल्या सिमेंटच्या कोर्टावर त्या गाड्या पळायच्या आणि आम्ही स्टोअरवाले कुंपणाला टेकून बघायचो. मग माझ्या धाकट्या भावानं मस्कतहून तसलीच एक गाडी आणली. लाल रंगाची, टायरला खरं रबर, खाली छोटे छोटे दांडे, सांधे, स्प्रिंगा. मुलांसाठी म्हणून आणलेली. मुलांना मी हातही लावू दिला नाही.

कारण दिवाळीच्या सुट्टीत कॉलनीत गाड्यांच्या शर्यती व्हायच्या होत्या आणि मला त्यात उतरायचं होतं. कुंपणाच्या आतून. एवढीच माझी महत्त्वाकांक्षा होती, ती लपवायचं आता कारण नाही.

पण गाडी सरळ जाईना. मधूच्या शेडच्या दारात ठेवली आणि मागच्या भिंतीकडे सोडली, की थोडं अंतर नीट जायची आणि मग हळूहळू डावीकडे कलायची. अगदी सभ्यपणे. जोरात वळली असती तर काहीतरी तुटलंय म्हणून समजलो असतो. ही नुसती ओढ घ्यायची, एखादा माणूस बोलता बोलता नजर काढून घेतो तशी. शेवटी उंदरांच्या रांगेत जाऊन थडकायची.

"चाकं जुळलेली नायत," मधू म्हणाला. "काढा ती बॅटरी. बघू."

जुळवायचं कशानं? गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात चित्रं होती, त्यात चकचकीत अवजारं होती, आणि ती अवजारं जपानात होती. आमच्याकडे मधूचा कारखाना होता. त्यानं सायकलचे दोन जुने स्पोक घेतले, घासून सरळ केले, आणि पुढच्या दोन चाकांना बाहेरून एकेक रबर लावून बांधले, म्हणजे चाक कुठे बघतंय ते स्पोकच्या टोकाला मोठं होऊन दिसायचं. मुलीच्या कंपासपेटीतलं कर्कटक आणून दोन्ही टोकांमधलं अंतर मोजायचं, पुढे किती, मागे किती. चाक उभं आहे की कलतंय ते बघायला दोऱ्याला मासेमारीच्या जाळ्याचं शिसं बांधून ओळंबा केला. सांधे निखळवायला चमच्याचा दांडा. दांड्याची लांबी कमी-जास्त करायला पक्कड, तिच्या तोंडाला शालूच्या जुन्या ब्लाउजचं फडकं, रंग खरवडू नये म्हणून. आणि सुकाणू अगदी मध्यावर आहे हे कळावं म्हणून मधूनं बारीक कुंचल्यानं त्या सांध्यावर एक लाल ठिपका काढला आणि खालच्या पट्टीवर दुसरा. दोन ठिपके समोरासमोर आले की सुकाणू मध्यावर.

माप घेतलं. चाकं सरळ. गाडी सोडली. डावीकडे.

"चाकं सरळ हायत, भाऊजी. तुम्हीच मोजा."

मी मोजलं. सरळ. "मग डावीकडे का जाते?"

"ते तिला विचारा. जपानची हाय, मराठी येत असेल तर सांगेल."

मग आम्ही स्प्रिंगा उलटसुलट केल्या. डावीकडे. टायर बदलून बघितले. डावीकडे. मधूनं गाडी आरशासमोर धरली. मूर्तीचा चेहरा कुठे चुकलाय ते कारखान्यात आरशातच बघतात, सरळ बघताना जे डोळ्याला सवयीचं झालेलं असतं ते आरशात उघडं पडतं. गाडी आरशातही सरळ होती. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला, पांढरी धूळ भुवयांवर, पत्रा तापून तडतडतोय, आणि आम्ही दोघं जमिनीवर पालथे पडून एका खेळण्याच्या पोटाखाली बघतोय.

"तुमच्या भावानं बिघडलेली दिली असेल," मधू.

"तुझी पट्टी वाकडी असेल," मी.

"माझी पट्टी वाकडी? या पट्टीवर आजपर्यंतचे गणपती उभे हायत, भाऊजी. तोंड सांभाळून."

दारात शालू येऊन उभी. "दादा, जेवायला चल. अहो, तुम्ही पण. दोघं घोडे झालात आणि खेळण्यापायी भांडताय! वैनी म्हणते, आज नाय आलात तर पानं मांजराला वाढीन."

"तू जा गो," मधू म्हणाला. "मांजराला म्हणावं, मासे आम्हाला ठेव."

शेवटी आम्ही माप सोडून दिलं. हा निर्णय माझा. मी म्हटलं, "मापानं सरळ आणि चालताना वाकडी, तर काय उपयोग? चालताना सरळ जाईल असं लाव, माप गेलं खड्ड्यात." मधूला ते पटलं नाही. मापाबाहेर काम करायचं म्हणजे त्याच्या कपाळाला आठी. पण मी भाऊजी. त्यानं दांडे फिरवायला सुरुवात केली, अर्धा आटा, पाव आटा, गाडी सोडायची, परत आणायची, पुन्हा पाव आटा. त्या कामात तो असा बुडाला की मला बोलायची सोय उरली नाही. आणि एका दुपारी गाडी दारातून सुटली ती शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओळंब्यासारखी सरळ गेली आणि मागच्या भिंतीवर नाक आपटून थांबली. आम्ही दोघं ओरडलो. शेजारच्या पोह्यांच्या गिरणीतला माणूस काय झालं म्हणून बघायला आला.

इथे मला मधूच्या हाताबद्दल लिहायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

पेणमध्ये मूर्ती ओतणारे, घासणारे, रंगवणारे पुष्कळ. डोळे आखणारे थोडे. आखणी सगळ्यात शेवटी. त्या वेळी मधूच्या कारखान्यात रेडिओ बंद व्हायचा. कुणी मोठ्यानं बोलायचं नाही, कुणी फळी हलवायची नाही. मधू मूर्तीसमोर मांडी घालून बसायचा, उजव्या मनगटाखाली डाव्या हाताची मूठ टेकायची, एक डोळा आखायचा, मग कुंचला धुवायचा, मग दुसरा. मधल्या वेळात मूर्तीकडे बघायचा नाही. दुसरा डोळा पूर्ण झाला की मूर्ती एकदम शेडमध्ये हजर व्हायची. इतका वेळ नुसतं प्लास्टर होतं, आणि आता कुणीतरी आपल्याकडे बघतंय. मी ते किती वेळा पाहिलं असेल, तरी दर वेळी अंगावर काटा यायचा. रोह्याच्या कॉलनीतले निम्मे गणपती मधूकडचे असायचे, ते त्या डोळ्यांसाठीच.

तर दिवाळीच्या सुट्टीत आम्ही रोह्याला गेलो. मी इस्त्रीचा शर्ट, मधू नवा झब्बा. गाडी बुटांच्या खोक्यात, मधूच्या मांडीवर, जणू आत दिवा पेटवलेला आहे. कोर्टावर खडूनं दोन रेघा मारलेल्या, त्यांच्या मधून गाडी सरळ न्यायची आणि टोकाला वळवायची. खुर्च्यांवर साहेब लोक, त्यांच्या बायका, टेबलावर चकल्या-करंज्या. स्टोअरमधले आमचे लोक कुंपणाला. मी आत.

गाडी सोडली आणि ती डावीकडे वळली. खडूची रेघ ओलांडून, अगदी सभ्यपणे, ओढ घेत घेत, फराळाच्या टेबलाखाली गेली आणि एका साहेबीणबाईंच्या चपलेला धडकली. पुन्हा सोडली. पुन्हा तेच. मी रिमोट दाबतोय, मधू गुडघ्यावर बसून चाकं बघतोय, आणि खुर्च्यांमधून खसखस सुरू झाली. पर्चेसचे साहेब हसत म्हणाले, "काय हो, ही पेणची इंजिनिअरिंग का?"

मला काहीतरी बोलायलाच हवं होतं. नाही, हेही खोटं. गप्प बसता आलं असतं. मी म्हणालो, "साहेब, चाकं माझ्या मेहुण्यानं लावलीत. गणपतीचे डोळे आखतो तो. आता बघा, ज्याला दोन चाकं एका रेषेत लावता येत नाहीत, त्याचे गणपती कुणीकडे बघत असतील!"

हशा झाला. मोठा, मनापासूनचा. आणि त्या हशावर पर्चेसच्या साहेबांनी आपली भर घातली, "तरीच! आमच्या घरचा गणपती शेजाऱ्याला पावतो!"

मग तर माणसं खुर्चीवरून पडायची बाकी राहिली. मधू गुडघ्यावर बसलेला होता, तोही हसला. गाडी उचलून त्यानं झब्ब्याच्या टोकानं पुसली, खोक्यात ठेवली, दोरी बांधली. मला साहेबांनी खुर्ची दिली, करंजी दिली. मी खाल्ली.

विनोद फार लवकर पोचतो. आम्ही पेणला पोचायच्या आधी पोचला असावा, असं मला कधी कधी वाटतं. बाजारात, एसटी स्टँडवर, न्हाव्याकडे. "काय मधूशेठ, आमचा गणपती शेजाऱ्याला पावला वो!" मधू हसायचा. पेणमध्ये ज्याच्यावर विनोद होतो त्यानं हसायचं असतं, नाहीतर तो आणखी वाढतो. पुढच्या मोसमात रोह्याहून एक जुनं गिऱ्हाईक मूर्ती बघायला आलं. मधू आखणीला बसलेला, एक डोळा झालेला. त्या माणसानं मायेनंच म्हटलं, "नजर समोर ठेवा हां शेठ. शेजाऱ्याकडे नको." मधू हसला. त्यानं कुंचला धुतला, दुसरा डोळा आखला, आणि आरसा मागवला. आरशात बराच वेळ बघितलं. मग दोन्ही डोळे पुसले, पुन्हा आखले, पुन्हा पुसले. गिऱ्हाईक अवघडून निघून गेलं. मधूनं हमरापूरच्या एका आखणाऱ्याला निरोप धाडला. त्यानंतर मधूनं प्लास्टर ओतलं, साचे केले, रंग कालवले, सगळं केलं. डोळे मात्र आखले नाहीत. हे मला शालूनं सांगितलं, आणि सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

आता पाण्याबद्दल.

रोह्याहून आल्यावर काही दिवसांनी, म्हणजे मधूनं कुंचला ठेवायच्या पुष्कळ आधी, शालू आणि वैनी शेड धुवायला निघाल्या. नवीन साचे लावायचे होते. मी दारात स्टुलावर बसून पाचरांचा डबा आवरत होतो. पाचरा म्हणजे लाकडाच्या छोट्या चपट्या ढलप्या. मधूच्या कारखान्यात मूर्तीचा पाट जमिनीवर ठेवला की त्याच्या मोरीकडच्या बाजूला एक पाचर सारायची, हा नेम. मधूच्या वडिलांपासूनचा. पायानंच सारायचे सगळे, बोलता बोलता, बघायचेसुद्धा नाहीत. का सारायची, ते कुणी विचारत नव्हतं. चपला दाराबाहेर का काढायच्या, ते जसं कुणी विचारत नाही.

शालूनं दारात बादली उपडी केली. पाणी क्षणभर थांबलं, आणि मग सगळंच्या सगळं, शिस्तीत, डावीकडे मोरीच्या दिशेनं निघालं.

माझ्या हातात पाचर होती.

जमिनीला उतार होता. मधूच्या वडिलांनी शाडूचा चिखल धुवून जावा म्हणून मुद्दाम ठेवलेला, डोळ्याला न दिसणारा, पण असलेला. त्या जमिनीवर मधू रांगायला शिकला होता. आम्ही तिथे ते सगळे आठवडे पालथे पडून काढले, मूर्तीखाली पाचर सारणारी माणसं आम्ही, आणि गाडी मात्र तशीच जमिनीवर सोडत राहिलो. मधूनं पहिल्या दिवशी मापानं लावलेली चाकं बरोबर होती. मीच ती उताराला जुळवायला लावली. उताराला जुळवलेली गाडी रोह्याच्या सपाट कोर्टावर सरळ कशी जाईल?

मधू घरात होता. हाक मारली तर ऐकू जाईल इतका जवळ. मी पाचर डब्यात टाकली आणि झाकण लावलं.

का, ते मी स्वतःला पुष्कळ वेळा विचारलंय आणि दर वेळी तेच चिडचिडं उत्तर मिळालंय. कंपनीत साहेब मला नावानं ओळखायला लागले होते. "या, पेणवाले, तो किस्सा सांगा." मी सांगायचो. दर वेळी थोडा जास्त रंगवून. खरं सांगितलं असतं तर किस्सा संपला असता, आणि मी पुन्हा कुंपणाबाहेर. आणि मधूनं कुंचला ठेवला तेव्हा सांगायला गेलो असतो, तर आधी का सांगितलं नाही, हे विचारलं गेलं असतं. मग पुढच्या गणपतीला सांगू. मग त्याच्या पुढच्या. गाडी बुटांच्या खोक्यात, जशीच्या तशी, माझ्या माळ्यावर गेली. तिच्याकडे परत बघायची हिंमत झाली नाही.

आणि तो विनोद! त्याचं काय सांगू? माणसं म्हातारी झाली, कंपनीतून निवृत्त झाली, विनोद धडधाकट. कधी त्यात गाडीचा टेम्पो झाला, कधी मधूचा "पेणचा एक कारागीर" झाला, एकदा तर मी तो बैलगाडीचा म्हणून ऐकला. शेजाऱ्याला पावणारा गणपती मात्र कुणी विसरलं नाही. मी सांगणाऱ्याच्या तोंडाकडे बघत बसायचो आणि आतून दात खायचो.

यंदा रोह्याला नात्यातला एक साखरपुडा होता. मी, शालू आणि मधू गेलो. पंगतीत मुलाच्या मामांनी, चाळिशीतला उत्साही माणूस, पेणचे पाहुणे बघून तोच किस्सा काढला. गाडी डावीकडे, टेबलाखाली, चपलेला, सगळं. मधू माझ्या शेजारी जेवत होता. ठरलेल्या जागी तो हसला. हसताना त्याच्या हातातला चमचा वाटीवर वाजला. हात कापतो हल्ली त्याचा.

परतताना भाड्याच्या जीपमध्ये, नागोठण्याच्या अलीकडे, मी त्याला सांगितलं. उतार, पाचर, पाणी, सगळं.

त्यानं तोंड खिडकीकडे फिरवलं. मग म्हणाला, "शालूनं पाणी ओतलं ते कधी?"

"त्याच साली. दिवाळीनंतर."

"म्हणजे मी कुंचला ठेवला त्याच्या आधी."

"आधी."

"गाडी थांबव रे," तो ड्रायव्हरला म्हणाला. उतरला, रस्त्याकडेला आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. शालूनं माझ्याकडे असं बघितलं की इतक्या वर्षांच्या संसारात तसं बघितलेलं मला आठवत नाही. "पाणी मी ओतलं, आणि मलाच सांगितलं नायत," एवढंच ती म्हणाली. मधू परत आला तो ड्रायव्हरशेजारी बसला. मागे न बघता बोलला, "मला कशाला सांगता भाऊजी? मला सांगून काय, मी हसायचा थांबेन? ज्यांना हसवलंत त्यांना सांगा जा."

म्हणून मी रोह्याला गेलो. म्हातारपणी, गुडघे धरत. कोर्टावर आता गाड्या लावतात. पर्चेसचे साहेब केव्हाच मुलाकडे निघून गेलेले. स्टोअरमधला एक जुना सोबती भेटला. मी विषय काढताच त्याचे डोळे पाण्यानं भरले, हसून हसून. "शेजाऱ्याला पावतो! काय बोलले होते साहेब!" मी म्हटलं, अरे, ते खोटं होतं, जमिनीला उतार होता. "उतार? कसला उतार?" मी बशीत चहा ओतून, बशी कलती करून त्याला दाखवलं. चहा त्याच्या लेंग्यावर सांडला. "असेल, असेल," तो लेंगा झटकत म्हणाला, "पण किस्सा झकास हाय तुझा." साखरपुड्यातल्या मामांना फोन केला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "काका, पण मग यात हसायचं कुठे?"

म्हणून हे लिहितोय. आमच्याकडच्या दिवाळी अंकाला देणार आहे. छापतील न छापतील. छापलं तरी खऱ्याला विनोदाचे पाय नाहीत, हे मला आता कळलंय. तरी लिहितोय.

इथपर्यंत लिहून झालं आणि काल दुपारी मी ते घेऊन कारखान्यात गेलो. शेड रिकामी होती. उंदीर होते. मधू दाराशी खुर्ची टाकून बसलेला. शालू वैनीशी बोलत आत तांदूळ निवडत होती, पण कान इकडे. मी सगळं वाचून दाखवलं. मधूनं डोळे मिटून ऐकलं. संपल्यावर म्हणाला, "चांगलं लिहिलंत. एक चूक हाय."

"कुठली?"

"रोह्याला गाडी डावीकडे नाय गेली. उजवीकडे गेली."

मी चिडलोच. "मधू, रिमोट माझ्या हातात होता."

"आणि गाडी माझ्या डोळ्यासमोर. इथे ती मोरीकडे पडायची, डावीकडे. म्हणून मी चाकं उजवीकडे घेत गेलो, पाव पाव आटा, ती सरळ जाईपर्यंत. मग सपाटीवर सोडल्यावर ती डावीकडे कशी जाईल वो? उजवीकडेच जाणार."

मी तोंड उघडलं आणि उगाच वाद घातला. डावीकडे टेबल होतं, डावीकडे ती चप्पल होती, मी इतकी वर्षं सांगतोय. "तेच म्हणतो मी," मधू म्हणाला, "सांगताय. बघितलंत कुठे?"

आतून शालूचा आवाज आला, "अहो, गाडी माळ्यावर हाय ना? आणा की. कशाला तोंड वाजवताय दोघं?"

मी घरी जाऊन खोकं आणलं. दोरीची गाठ मधूचीच होती, तीही त्याच दिवसाची. टायरचं रबर चिरलेलं, रंग विटलेला. दोन्ही स्पोक खोक्यातच होते, गंजलेले. मधूनं सुकाणू बोटानं हळूच हलवून लाल ठिपके समोरासमोर आणले. त्याचे हात कापत होते, स्पोक काही चाकाला टेकेनात. मी धरले. त्यानं बघितलं, मग मला म्हणाला, "आता तुम्ही बघा."

दोन्ही स्पोक उजवीकडे बघत होते. जराच. दोन्ही सारखेच.

मी ते तसेच धरून ठेवले. गाडी डावीकडे गेली, असं म्हटलं की मधूनं काहीच केलं नाही असा अर्थ होतो, पेणची खोड रोह्यालाही राहिली असा, आणि विनोदाला तेच हवं होतं. गाडी उजवीकडे गेली असेल, तर जेवढा जमिनीचा उतार तेवढाच त्यानं चाकांना दिला होता. न दिसणारा उतार त्याच्या हातानं मोजला होता. मी खरं सांगायला बसलो, आणि ज्या एका शब्दावर तो निर्दोष ठरायचा, नेमका तोच विनोदातला उचलून लिहिला.

"बदलतो," मी म्हटलं.

"वरचं राहू द्या," मधू म्हणाला. "कळू दे, कसं सांगत होतात ते. शेवटी मी सांगतो तसं लिहा."

आणि त्यानं सांगितलं. मी तिथेच, स्टुलावर बसून, लिहून घेतलं.

रोह्याला गाडी उजवीकडे वळली. चाकं मधूनं लावली होती.